न पळालेली पोर

धुरपता गल्लीच्या तोंडाशी आली आणि खेळ मोडला. हातातल्या काड्या मातीत टाकून, एकमेकांना ढकलत पोरे वाट फुटेल तिकडे पळाली. कुणी गोठ्यात शिरले, कुणी तणसाच्या ढिगामागे दडले. एकाने तर घाईत भलत्याच घरात घुसून दार लावून घेतले आणि आतल्या म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या. धुरपताला यात नवे काही नव्हते. डोक्यावरची टोपली एका हाताने सावरत, पायाखालची वाट पाहत ती चालत राहिली. अर्ध्या गल्लीत आल्यावर तिने मान वर केली आणि थबकली.

कवडूच्या अंगणात, मातीच्या भिंतीला पाठ लावून, एक पोर उन्हात बसली होती. कवडूची शामकला, सहा-सात वर्षांची. बाकीची पोरे पळाली तेव्हा ही जागची हलली नव्हती. आताही ती सरळ धुरपताकडे पाहत होती.

धुरपताने मागे वळून पाहिले. मागे कुणी उभे असेल आणि पोर त्याच्याकडे पाहत असेल, असे तिला वाटले. मागे कुणी नव्हते.

"काऊन वं पोरी, तू नाही पळाली?"

शामकलाने मान हलवली.

"मले भेत नाही काय?"

पोर हसली. अगदी दात दाखवून हसली. धुरपताने डोक्यावरची टोपली खाली उतरवली. उतरवायचे काही कारण नव्हते, पण उतरवली. टोपलीत उकडलेले शिंगाडे होते. बोडीच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरणीने सकाळी दिले होते, अजून कोमट होते. तिने त्यातला एक बरा पाहून पुढे केला.

"घे."

शामकलाने हात पुढे केला नाही. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते, ते तसेच ठेवून तिने नुसते तोंड उघडले. धुरपता पाहतच राहिली. गावातली पोरे तिच्यासमोर तोंड उघडत ती बोंब मारायला. तिने खाली बसून शिंगाडा दाताने फोडला, काटे काढले, पांढरा गर बोटांनी मोडून पोरीच्या तोंडात ठेवला. पोर चावत होती आणि तिच्या हातांकडे पाहत होती.

"गोड आहे?"

"हो."

"आनखी देऊ?"

"दे."

त्या दिवशी धुरपता घरी गेली तेव्हा टोपलीत निव्वळ टरफले होती. एकटीचे घर, एकटीची चूल. रोज ती आल्या आल्या भात टाकी आणि भिंतीकडे तोंड करून जेवे. त्या दिवशी तिने भात टाकायच्या आधी अंगण झाडले.

धुरपता डागत असे. दवनीवाड्याच्या या टोलीवर, या लहानशा वस्तीत, आणि आजूबाजूच्या दोन-चार गावांत, कुणाच्या पोराचे पोट फुगले, हाडे ठणकू लागली, ताप उतरेना झाला की तिला बोलावणे जाई. सासूकडून सुनेला पाटा-वरवंटा यावा तसे हे काम तिच्याकडे आले होते. चुलीत लाल केलेल्या विळ्याचे टोक ती पोराच्या पोटावर, गुडघ्यावर, मनगटावर टेकवी. पोराची किंकाळी गावभर जाई आणि बाकीच्या पोरांच्या मनात धुरपता कायमची बसे. आयांनीही तिला बरे कामाला लावले होते. पोर जेवत नसले, झोपत नसले, की "ते पाहाय, धुरपता येऊन राहिली" एवढे म्हटले की पुरे. तिला स्वतःचे मूल झाले नव्हते. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. लग्नाकार्यात तिला पंगतीला बसवत, पण मांडीवर मूल कुणी देत नसे, आणि दिले असते तरी ते राहिले नसते.

मात्र तिची एक रीत होती. ती सासूची नव्हती, तिची स्वतःची होती. आजारी पोराच्या दारात गेली की ती विळा लपवत नसे. समोर धरी आणि म्हणे, "सोडा त्याले." आईबाप पोराला सोडत. पोर उठून धूम पळाले की ती आल्या पावली परत फिरे. "मले पाहून पळते, त्याचं दुखनं हलकं. त्याले इळा कायले?" पोर लंगडत, पडत-झडत पळाले तर एक डाग. आणि जे पळतच नाही, पडल्या जागेवरून नुसते डोळे फाडून पाहते, त्याचे दुखणे भारी. आया कुरकुरत, "अवो, हात लावून पाहून तं घे." ती म्हणे, "पाहिलं." या रीतीने तिने कितीतरी पोरांना विळ्यातून सोडवले होते. पोरांना ते कोण सांगणार? धुरपता दिसली की पळायचे आणि पळाले की डाग चुकतो, एवढे मात्र टोलीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

हाडे ठणकणारी, डोळे पिवळे पडणारी, डाव्या बरगडीखाली पोट कडक होणारी काही पोरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या होती. एकाच घरात एक धडधाकट निघे आणि दुसरे सदा अंथरुणावर. आज त्याला सिकलसेल म्हणतात, आणि रक्त तपासून कुणाला तो किती आहे हे सांगतात. ते साल दुसऱ्या मोठ्या लढाईचे होते. गोंदियाच्या डॉक्टरालाही हे नाव ठाऊक नव्हते. तो हिवताप म्हणे आणि त्यावरचे कोयनेल देई, लढाईमुळे तेही मिळेनासे झाले होते. टोलीवर दुखणे हलके की भारी हे सांगायला धुरपता होती.

कवडूच्या घरी ती याआधी एकदाच गेली होती, दोन वर्षांपूर्वी, त्याच्या थोरल्या पोरासाठी. उदाराम त्याचे नाव. "सोडा त्याले," ती म्हणाली होती, आणि उदाराम हलला नव्हता. तिने त्याला पोटावर आणि दोन्ही गुडघ्यांवर डागले. कवडूने खांदे धरले, त्याच्या बायकोने, जमुनाने, पाय. धाकटी शामकला तेव्हा दाराच्या फळीमागे उभी होती, हे कुणाच्याच ध्यानात नव्हते. उदाराम होळीच्या आधी गेला. धुरपताला कुणी बोल लावला नाही. दुखणे भारी होते, एवढेच सगळे म्हणाले.

आणि आता त्याच घरची पोर तिच्या हातून शिंगाडे खात होती.

दुसऱ्या दिवशी धुरपताला त्या गल्लीत काही काम नव्हते. तरी ती गेली. पोरे पळाली, शामकला बसून राहिली. तिसऱ्या दिवशी धुरपताने धुतलेले लुगडे नेसले, केसांना तेलाचे बोट लावले आणि पदरात बोरे बांधून नेली. धानाच्या कापणीचे दिवस होते. मोठी माणसे दिवस उगवायच्या आत धानाच्या शेतात, बांधीत, जात ती दिवेलागणीला परतत. गल्लीत पोरे, कुत्री आणि उन्हात बसलेली ही एक पोर. धुरपता तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसे. जवळ बसले तर ही उठून जाईल, या भीतीने तिचा जीव खालीवर होई. हळूहळू ते अंतर वीतभर झाले. पोर काही उठून गेली नाही.

धुरपता बोलायची. इतकी वर्षे साठलेले बोलायची. आपल्या माहेरच्या कामठा गावाची गोष्ट, तिथल्या तलावात आलेल्या बगळ्यांची, लग्नात बैलगाडी चिखलात रुतली आणि नवरदेवाला उतरून चाक ढकलावे लागले त्याची. शामकला फार बोलत नसे. धुरपता हसली की हसायची. कधी कधी धुरपताचे वाक्य पुरे व्हायच्या आतच हसायची.

"तुले समजली काय वं गोष्ट?" धुरपता विचारायची.

"हो."

"मंग सांग, गाडीचं काय झालं?"

पोर पुन्हा हसायची. धुरपतालाही हसू यायचे. एवढ्या लाघवी पोरीला गोष्ट कळली नाही तरी काय बिघडते, असे तिला वाटायचे.

एक प्रश्न मात्र शामकला रोज विचारी. धुरपता येऊन बसली की आधी तिच्या कमरेकडे, मग पदराकडे पाहून विचारी.

"आजी, तुहा इळा कोठी आहे?"

"घरी आहे. छपरात खोसला आहे."

"आज नाही आनला?"

"कायले आनू? तुह्याजवळ येतो तं बोरं आनतो मी."

मग पोर भिंतीला डोके टेकवून डोळे मिटून घेई. धुरपता बोर दाताने फोडून, अळी नाही ना ते पाहून, तिच्या तोंडात ठेवी. आजी हा शब्द तिच्या कानात घरी जाईपर्यंत वाजत राही. चुलीपुढे बसली असताना ती एकदा स्वतःशीच तो म्हणाली. मग इकडेतिकडे पाहून गप्प झाली. आपल्याला कुणाची वाट पाहणे सोसणार नाही, हे तिला कळत होते. तरी संध्याकाळ झाली की ती उद्याची वाट पाहायला लागे.

एका संध्याकाळी बोडीच्या पाळीवर, काठच्या बांधावर, जमुना भेटली. डोक्यावर घागर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. कापणीने तिचा पार चोथा झाला होता. धुरपताला पाहून ती थांबली, घागर खाली ठेवली.

"मावशी, तू आमच्या घराकडे येऊन राहिली म्हनते, रोज."

धुरपताला वाटले, आता ही येऊ नको म्हणणार.

"येतो. बसतो घडीभर."

"तं पोरीले पाहून सांग ना. दिवसभर बसूनच राहते. उठ म्हटलं तं उठत नाही, हातानं जेवत नाही. तिचा बाप म्हनते, अंगचोर झाली. मले..." जमुना बोडीकडे पाहू लागली. "मले दुसराच भेव लागते. उदारामचं बी असंच सुरू झालं होतं."

धुरपताने उत्तर द्यायला फार वेळ घेतला नाही. तिच्या ओठांवर उत्तर तयारच होते, इतके दिवस ते कुणाला सांगावे म्हणून ती तडफडत होती.

"कायी नाही झालं तिले. मायाशी हासते, बोलते. आजी म्हनते मले. दुखनं असतं तं पोर अशी हासली असती काय?"

"मंग उठत काऊन नाही?"

"अवो, लाडाची आहे. मी भरवतो तं हातानं कायले खाईन?"

जमुनाने तिच्याकडे नीट पाहिले. धुरपताचा चेहरा खुलला होता. टोलीवर कुणी तो असा पाहिला नव्हता. एवढी भारी दुखणी पाहिलेली बाई खात्रीने सांगत होती, मग जमुनाचाही जीव भांड्यात पडला.

"तुह्या तोंडात साखर पडो, मावशी. मले रात्री झोप नाही. उद्या नेतो मंग तिले बांधीत. सरवा वेचाले हात कमी पडून राहिले. चार लोंब्या वेचीन तं अंग बी मोकळं होईन तिचं."

"ने ना," धुरपता म्हणाली. मनात मात्र तिला वाटले, उद्याचा दिवस रिकामा गेला.

सकाळी दाट धुके होते. पडलेल्या लोंब्या वेचायला जमुनाने पोरीला बांधीत उभे केले तेव्हा गवतावर दव गोठल्यासारखे होते आणि खोलगट बांधीत अजून घोट्याएवढे गार पाणी होते. धुरपताने हे पाहिले नाही. तिला ते संध्याकाळी कळले, दिवे लागायच्या वेळेला, कवडूने तिच्या अंगणातूनच हाक मारली तेव्हा.

"मावशी, चाल. इळा घे."

"कोनासाठी?"

 दुपारी पोरीला खांद्यावरून आणले त्याचा चिखल कवडूच्या सदऱ्यावर वाळला होता. धुरपताने छपरातून विळा काढला. तो इतक्या जोरात ओढला की छपराचे गवत खाली आले.

घरात चूल धडाडून पेटली होती. शामकला तणसाच्या अंथरुणावर पडली होती. अंगावर गोधडी होती, पण हात बाहेर होते, आणि धुरपताने ते हात पहिल्यांदा पाहिले. मांडीखाली दाबलेले असत ते हात. बोटे फुगून एकमेकांना चिकटली होती. मनगट गोल झाले होते. डोळ्यांचे पांढरे पिवळे पडले होते. पाय कवडूने गुडघ्याशी धरून ठेवले होते, कारण ते आपोआप आखडत होते. पोर मात्र रडत नव्हती. ओठ आत ओढून, दाताखाली धरून, ती धुरपताच्या हातातल्या विळ्याकडे पाहत होती. आज तो आणला होता.

जमुनाने विळा घेतला आणि मूठ चिंधीने गुंडाळून त्याचे टोक निखाऱ्यात सारले. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. एकदा याच चुलीत विळा असाच तापला होता, हे त्या घरात कुणालाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

धुरपता तिथेच उभी राहिली. काय करावे ते सुचेना. मग इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून शब्द निघाले.

"सोडा तिले."

कवडूने हात काढून घेतले.

शामकलाने बापाकडे पाहिले. खरेच सोडले का, हे पाहिले. मग ती कुशीवर वळली. हातांवर भार देता येत नव्हता म्हणून तिने कोपरे जमिनीला टेकली आणि दाराकडे सरकली. एक कोपर, मग दुसरे. पाय मागून ओढत येत होते. तोंडातून हूं की चूं नाही. गोधडी अंगावरून घसरून मागे राहिली. दार तिथून चार हातांवर होते. अर्ध्या वाटेत तिचे कोपर निसटले आणि कपाळ जमिनीला लागले. तशीच पडून, मान तिरपी करून, तिने धुरपताकडे पाहिले. आणि ती हसली. दात दाखवून, रोजच्यासारखी.

"मी पळून राहिली, आजी," ती म्हणाली. "पळून राहिली ना."

 भिंतीपाशी बसलेली पोर तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. बाकीची पळाली तेव्हा ही बसून राहिली होती, कारण उठता येत नव्हते. हात पुढे करत नव्हती, कारण ते दाखवायचे नव्हते. बोरे आवडत होती की नाही कुणास ठाऊक, तोंड उघडत होती. विळा कुठे आहे हे रोज विचारत होती आणि घरी आहे म्हटल्यावर डोळे मिटत होती. आणि हसत होती, कारण हसणाऱ्या पोराला धुरपता डागत नसेल असे तिचे तिने ठरवले होते. भेदरलेले पोर ओळखण्यात धुरपताचा जन्म गेला होता. आणि हिला कुठे दुखते हे तिने एकदाही पाहिले नाही. आपल्याला कुणी आजी म्हटले, एवढेच ऐकत राहिली. तिला स्वतःच्या धुतलेल्या लुगड्याची लाज वाटली.

"मावशी," जमुना चुलीपासून म्हणाली, "लाल झाला."

"काढून ठेव."

"आँ?"

"काढून ठेव बाहेर. पोरगी पळाली."

कवडू गोंधळला. "कोठी पळाली, मावशी? हे काय, इथंच तं पडली आहे."

"मी पाहिलं," धुरपता म्हणाली. तिचा आवाज चढला. "पळाली म्हनतो तं पळाली. पळते त्याले डाग देत नाही मी. आजवर दिला काय कोनाले? उचल तिले, गोधडी घाल अंगावर. आन त्या चुलीवर कोंडा भाजाले ठेव."

कुणी वाद घातला नाही. दुखणे हलके की भारी हे सांगायचा हक्क तिचा होता. ती खोटे बोलते आहे हे जमुनाला दिसत असावे, पण तिने झटकन विळा निखाऱ्यातून ओढला आणि दाराबाहेर मातीत फेकला, जणू कुणी मत बदलायच्या आत. मग तिथेच खाली बसून ती ओक्साबोक्शी रडली.

धुरपताने धानाचा कोंडा भाजला, फडक्यात बांधला, पोटली आपल्या गालाला लावून ऊब पाहिली. पोरीजवळ जाऊन शेकायला ती वाकली तेव्हा शामकलाचे अंग आखडले. ओठ हसत होते आणि अंग आखडत होते. धुरपताने पोटली जमुनाच्या हातात दिली.

"तूच शेक. बोटं, मनगट, गुडघे. दाबू नोको, नुसती टेकव. आन कोमट पेज पाजत राहाय, घोटघोट. गार पान्यात तिले कधी उतरवू नोको, जमुना. कधीच नोको."

"तू कोठी चालली?"

"मी अंगनात बसतो. मले पाहून तिचं अंग सैल पडत नाही."

ती अंगणात बसली, त्याच भिंतीला टेकून. कोंडा गार झाला की जमुना दारातून पोटली बाहेर देई. धुरपता तीन दगडांवर विस्तव करून कोंडा पुन्हा भाजून आत देई. मधे कवडू येऊन तिच्याजवळ उभा राहिला. "पोरगी वाचन काय, मावशी?" त्याने विचारले. इतकी वर्षे लोक तिला हे विचारत आले होते आणि तिने नेहमी उत्तर दिले होते.

"मले नाही समजत, बापा," ती म्हणाली.

शामकला त्या खेपेला वाचली. दोन आठवडे ती अंथरुणावर होती. कवडूने तिला गाडीत घालून गोंदियालाही नेऊन आणले. डॉक्टराने पोट दाबून पाहिले, डाव्या बरगडीखालची पिलई वाढली म्हणाला, बाटली भरून औषध दिले. ते औषध संपल्यावर ती आपली हळूहळू बसू लागली.

हे धुरपताला दुसऱ्यांच्या तोंडून कळत होते. ती त्या गल्लीत जातच नव्हती. बाजाराला जायचे तर ती बोडीच्या पाळीवरून, लांबच्या वाटेने जाई. उन्हात ती वाट पायाला भाजे, तरी जाई. एकदा जमुनाने निरोप पाठवला, मावशीला म्हणावे येऊन जा. धुरपताने कंबर धरल्याचे सांगितले. आपण दिसलो की त्या पोरीला पुन्हा हसावे लागेल, हे तिच्या मनातून जात नव्हते. घरात तिला करमत नसे. शिंगाड्यांचे दिवस संपले, बोरे संपली. छपरातली विळ्याची जागा रिकामी होती. त्या दिवसानंतर तिने तो परत तिथे खोसला नाही. माघ-फाल्गुनात ती दुसऱ्यांच्या बांधीत त्याच विळ्याने लाखोरीचे पीक कापायला जाऊ लागली. आगीत घालून घालून विळ्याची धार मेली होती, बायका तिच्या कापण्याला हसत. ती ऐकून घेई. गावातून डागायचे बोलावणे आले की ती म्हणे, आता हात कापतो, आणि कोंडा कसा भाजायचा ते सांगून माणसाला वाटेला लावी.

वैशाख लागता लागता, दुपार कलल्यावर, ती रानातून टेंभुर्णीची फळे, टेंभरे, घेऊन येत होती. पाळीवरची वाट त्या दिवशी बंद होती. बोडीचा गाळ काढायला माणसे लागली होती आणि पाळीवर गाळाचे ढीग पडले होते. तिला गल्लीतूनच यावे लागले. तोंडाशी ती थांबली. पदर पुढे ओढून घेतला. मग पायाखाली पाहत चालू लागली.

पोरांनी तिला पाहिले आणि खेळ मोडला. बऱ्याच दिवसांत पळायला मिळाले नव्हते, म्हणून की काय, जरा जास्तच कल्ला करत पोरे उधळली. धुरपताने मान वर करायची नाही असे ठरवले होते. कवडूच्या घराजवळ मात्र तिच्याने राहवले नाही.

भिंतीपाशी कुणी नव्हते.

पळणाऱ्या पोरांच्या मागे, सगळ्यांत शेवटी, हातातली चिंध्यांची बाहुली छातीशी धरून शामकला पळत होती. एक पाय किंचित ओढत होता. तिने एकदा मागे वळून पाहिले, धुरपता दिसली, आणि बोंब मारली. चांगली मोठी, घसा फाडून मारलेली बोंब. मग जीव घेऊन ती गोठ्याला वळसा घालून दिसेनाशी झाली.

धुरपता गल्लीच्या मधोमध उभी राहिली.  आजी म्हणणारे आता कुणी राहिले नव्हते. तिला रडू येत होते आणि तिच्या तोंडावर हसू होते.

बोंब ऐकून जमुना पिठाचे हात घेऊन दारात आली.

"अवो मावशी! किती दिसानं! पळाली वाटते पोरगी, भेकड मेली. थांब, बलावतो तिले. कशी झाली आहे, पाहून तं घे."

"पाहिलं," धुरपता म्हणाली.

तिने पदरातली टेंभरे काढून भिंतीच्या बुडाशी, सावलीत ठेवली. जमुना बस म्हणत होती, पाणी तरी पी म्हणत होती. धुरपता थांबली नाही. ती झपाझप पाय उचलत गल्लीतून बाहेर पडली, कारण ती गेल्याशिवाय पोरे खेळायला परत येणार नव्हती.